प्रवेशाचा शिक्का आणि वास्तव्याचा हिशेब

१८८३ साली आनंदीबाई जोशी वैद्यकीय शिक्षणासाठी न्यूयॉर्कच्या बंदरात उतरल्या, तेव्हा त्यांच्याजवळ कोणताही व्हिसा नव्हता. त्या काळी तशी पद्धतच नव्हती. त्यानंतर तीस वर्षांनी, १९१३ मध्ये, बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर भीमराव आंबेडकर कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले, तेव्हाही स्थिती फारशी वेगळी नव्हती. पहिल्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेने परदेशी प्रवाशांना व्हिसा सक्तीचा केला. पुढे १९५२ च्या कायद्यात विद्यार्थ्यांसाठी ‘एफ’ या अक्षराचे उपकलम आले आणि त्यावरूनच आजचा ‘एफ-१’ हा शब्द रूढ झाला.

आज हा शब्द आपल्या व्यापारी पेठांतही सर्वांच्या परिचयाचा आहे. अमेरिकेत शिकणाऱ्या परदेशी विद्यार्थ्यांची गणना ‘ओपन डोअर्स’ या वार्षिक अहवालात होते. त्यानुसार २०२३-२४ मध्ये भारतीय विद्यार्थी ३,३१,६०२ होते आणि २०२४-२५ मध्ये ते ३,६३,०१९ झाले. त्यांत सांगली, कोल्हापूर, सोलापूर, जळगाव, अहिल्यानगर, पुणे आणि मुंबई येथील व्यापारी घरांतील मुले-मुलीही आहेत. ज्या घरात दोन-तीन पिढ्या पेढीवर बसल्या, तेथील मूल प्रथमच साता समुद्रांपलीकडे जाते, तेव्हा घराची मोठी पुंजी आणि त्याहून मोठी आशा त्याच्याबरोबर जाते. अशा वेळी व्हिसाचे काम ‘एजंट पाहून घेईल’ असे म्हणून सोडून देणे धोक्याचे आहे. हा विषय मुळात हिशेबाचा आहे आणि हिशेब हा तर आपल्या घरांचा हातखंडा विषय.

व्हिसा वेगळा, वास्तव्याचा दर्जा वेगळा

बहुतेक पालकांचा गोंधळ येथेच होतो. पासपोर्टवर चिकटवलेला व्हिसा म्हणजे अमेरिकेच्या दारापर्यंत जाऊन प्रवेश मागण्याची परवानगी. दारातून आत गेल्यावर तेथे राहण्याचा जो अधिकार मिळतो, तो म्हणजे वास्तव्याचा दर्जा. व्हिसा दिल्लीतील दूतावास किंवा मुंबईसारख्या शहरातील वाणिज्य दूतावास देतो. दर्जा विमानतळावरील अधिकारी देतो आणि पुढे तो टिकवणे विद्यार्थ्याच्या हाती असते.

या दर्जाचा आधार म्हणजे ‘आय-२०’ हे प्रमाणपत्र. विद्यापीठ प्रवेश निश्चित करून आणि पैशांची सोय पाहून ते देते. त्यावर ‘सेव्हिस’ या केंद्रीय संगणकीय नोंदवहीतील क्रमांक असतो. विद्यार्थी कोणत्या विद्यापीठात आहे, किती विषय घेतो, कोठे राहतो, कोठे काम करतो, हे सारे या वहीत नोंदले जाते. विमानतळावर उतरल्यावर ‘आय-९४’ ही प्रवेशनोंद तयार होते. एफ-१ विद्यार्थ्याच्या या नोंदीत मुक्कामाच्या अखेरच्या तारखेऐवजी ‘डी/एस’ अशी दोन अक्षरे असतात. विद्यार्थ्याचा दर्जा टिकेल तोवर मुक्काम वैध, असा त्यांचा अर्थ.

यातून दोन गोष्टी निघतात. व्हिसाची मुदत संपली तरी, आय-२० चालू असेल आणि नियम पाळले जात असतील, तर विद्यार्थी अमेरिकेत बेकायदा ठरत नाही. उलट व्हिसावर अजून तीन वर्षे शिल्लक असली, तरी त्याने अभ्यासक्रम सोडला किंवा परवानगीवाचून नोकरी धरली, तर त्याचा दर्जा संपतो आणि पासपोर्टवरील शिक्का त्याला वाचवू शकत नाही. वार्षिक सभेला येण्याचे निमंत्रण हाती असणे वेगळे आणि सभासदत्व चालू असणे वेगळे, तसाच हा भेद आहे.

अर्जाचा क्रम

आय-२० हाती आल्यावर प्रथम सेव्हिसचे शुल्क भरावे लागते. २०१९ पासून ते ३५० डॉलर आहे. त्यानंतर ‘डीएस-१६०’ हा अर्ज संगणकावर भरायचा. जून २०२३ पासून व्हिसा अर्जाचे शुल्क १८५ डॉलर आहे. हे दोन्ही पैसे नकार मिळाला तरी परत मिळत नाहीत. पुढे बोटांचे ठसे आणि छायाचित्र देण्यासाठी एक भेट, आणि मुलाखतीसाठी दुसरी. मुंबईतील मुलाखत वांद्रे-कुर्ला संकुलातील वाणिज्य दूतावासात होते. व्हिसा मिळाला, तरी आय-२० वरील आरंभाच्या तारखेपूर्वी ३० दिवसांहून आधी अमेरिकेत प्रवेश मिळत नाही. त्यामुळे विमानाचे तिकीट काढताना मुहूर्ताबरोबर ही तारीखही पाहावी.

डीएस-१६० मध्ये मागील पाच वर्षांत वापरलेल्या समाजमाध्यमांवरील खात्यांची नावे द्यावी लागतात. २०२५ च्या मे महिन्याच्या अखेरीस विद्यार्थ्यांच्या मुलाखतींच्या नव्या वेळा देणे काही आठवडे थांबले होते. जूनमध्ये ते पुन्हा सुरू झाले, ते ही खाती सर्वांना पाहण्यासाठी खुली ठेवावीत, या सूचनेसह. मुलांनी गमतीने किंवा रागाच्या भरात लिहिलेले शब्दही आता कागदपत्रांचाच भाग झाले आहेत. घरात याची चर्चा अर्ज भरण्यापूर्वी व्हावी.

व्यापारी घराची खरी अडचण

पगारदार पालकांचे काम तुलनेने सोपे असते. फॉर्म १६, पगारपत्रक आणि भविष्यनिर्वाह निधी यांतून त्यांचे उत्पन्न एका नजरेत दिसते. व्यापाऱ्याची मालमत्ता मात्र गोदामातील मालात, उधारीत, जागेत आणि दागिन्यांत विखुरलेली असते. समजा, इचलकरंजीतील एका सूतव्यापाऱ्याची उलाढाल काही कोटींची आहे, परंतु त्याच्या वैयक्तिक बचत खात्यात लाखभर रुपयेच असतात, कारण पैसा सतत फिरता असतो. बँकेने दिलेली कॅश क्रेडिटची मर्यादा हे कर्ज आहे, शिल्लक नव्हे. ती दाखवून काही साधत नाही. गोदामातील माल हा मुलाच्या फीसाठी हाताशी असलेला पैसा मानला जाईलच असे नाही.

अमेरिकी अधिकाऱ्याला मुख्यतः दोन गोष्टी पाहायच्या असतात : पहिल्या वर्षाचा संपूर्ण खर्च भागेल इतका पैसा सहज हाती येण्याजोगा आहे काय, आणि पुढील वर्षांसाठी विश्वासार्ह मार्ग आहे काय. पहिल्या वर्षाचा आकडा आय-२० वर छापलेला असतो, आणि तो पैसा कोण देणार हेही तेथेच लिहिलेले असते. आय-२० वर ‘कौटुंबिक निधी’ लिहिले असताना मुलाने मुलाखतीत ‘कर्ज काढले आहे’ असे सांगितले, तर दोन्ही गोष्टी खऱ्या असूनही संशय उत्पन्न होतो.

अशा वेळी काही घरांत सुचवला जाणारा उपाय म्हणजे नातेवाईक, आडते किंवा मित्र यांच्याकडून आठवडाभरासाठी मोठी रक्कम खात्यात आणून शिल्लकेचा दाखला घेणे. बँकेच्या व्यवहारांशी परिचय असलेल्या कोणालाही खाते-उताऱ्याच्या एका पानावर हा प्रकार ओळखता येतो. तीन वर्षे पंचवीस-तीस हजारांवर खेळणारे खाते एकाएकी पन्नास लाखांवर गेले, तर ते पन्नास लाख बोलू लागतात, आणि घराच्या बाजूने नव्हे. खोटे कागद दाखवल्याचे सिद्ध झाले, तर त्या देशाच्या कायद्यानुसार ती व्यक्ती व्हिसासाठी कायमची अपात्र ठरू शकते. वडिलांच्या चार दिवसांच्या सोयीची किंमत मुलाला आयुष्यभर मोजावी लागेल.

म्हणून व्हिसाच्या तयारीचा पहिला कागद म्हणजे तीन वर्षांपूर्वी भरलेले आयकर विवरणपत्र, असे म्हटले तर ती अतिशयोक्ती होणार नाही. मूल अकरावीत असतानाच पालकांनी आपले वैयक्तिक उत्पन्न प्रामाणिकपणे विवरणपत्रात दाखवण्यास, आणि दरमहा काही रक्कम मुदत ठेवीत वळवण्यास सुरुवात करावी. करातील थोडी बचत त्या वेळी गोड वाटते. परंतु ज्या विवरणपत्रावर वर्षाचे उत्पन्न सहा लाख आहे, त्याच्या आधारावर वर्षाला चाळीस लाखांचा खर्च कसा पेलणार, या प्रश्नाला पुढे उत्तर राहत नाही. मालमत्तेबाबत सनदी लेखापालाचा दाखला उपयोगी पडतो, पण तो विवरणपत्राला पूरक असतो, पर्याय नव्हे.

पैसे पाठवताना

परदेशी पैसे पाठवण्यासाठी रिझर्व्ह बँकेची उदारीकृत प्रेषण योजना २००४ पासून आहे. तिच्यानुसार निवासी व्यक्तीला एका आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरपर्यंत रक्कम पाठवता येते. ही सवलत केवळ व्यक्तींना आहे. भागीदारी पेढी, कंपनी किंवा हिंदू अविभक्त कुटुंब यांना ती नाही. त्यामुळे पेढीच्या चालू खात्यातून थेट विद्यापीठाला फी पाठवण्याचा विचार करू नये. रक्कम भागीदाराने आपल्या वैयक्तिक खात्यात रीतसर घेऊन, पॅन आणि फॉर्म ए-२ देऊन पाठवावी.

१ एप्रिल २०२५ पासून अशा रकमेवर वर्षाला दहा लाख रुपयांपर्यंत उगमस्थानी कर गोळा केला जात नाही. मान्यताप्राप्त वित्तसंस्थेच्या शैक्षणिक कर्जातून गेलेल्या रकमेवर तर तो मुळीच लागत नाही. स्वतःच्या पैशांतून त्यापुढे रक्कम गेली आणि कर कापला गेला, तर तो पाठवणाऱ्याच्या आयकरात जमा धरला जातो. म्हणून रक्कम घरातील ज्या व्यक्तीला आयकर भरावा लागतो, तिच्या खात्यातून जावी. आईच्या नावावर उत्पन्न नसताना तिच्या खात्यातून पैसे पाठवले, तर कापलेला कर परत मिळवण्यासाठी तिला विवरणपत्र भरून थांबावे लागते.

शैक्षणिक कर्ज म्हणजे घराच्या प्रतिष्ठेला उणेपणा, अशी भावना काही व्यापारी घरांत आजही आढळते. वास्तविक बँकेचे मंजुरीपत्र हा पैशाच्या सोयीचा सर्वांत स्वच्छ पुरावा असतो. जुन्या करपद्धतीत त्या कर्जावरील व्याजाला आठ वर्षांपर्यंत वजावट मिळते. शिवाय धंद्यातील खेळते भांडवल फीसाठी ओढून घ्यावे लागत नाही. मंदीच्या एका वर्षात पेढी आणि शिक्षण ही दोन्ही एकदम अडचणीत येण्यापेक्षा हे बरे.

आणखी एक बाब बहुधा विसरली जाते. शिक्षणासाठी परदेशी गेलेला विद्यार्थी परकीय चलन कायद्याच्या दृष्टीने अनिवासी ठरतो. त्याचे येथील साधे बचत खाते बँकेला कळवून अनिवासी खात्यात बदलून घ्यावे.

तीन-चार मिनिटांची मुलाखत

मुलाखत बहुधा तीन-चार मिनिटांत आटोपते; पुष्कळदा अधिकारी फाइल उघडूनही पाहत नाही. अमेरिकी कायद्याच्या २१४-बी या कलमानुसार प्रत्येक अर्जदार तेथे कायमचा राहण्यासाठीच निघाला आहे, असे गृहीत धरले जाते, आणि ते खोडून काढण्याची जबाबदारी अर्जदारावर असते. हेच विद्यापीठ का, हाच विषय का, खर्च कोण करणार, शिक्षणानंतर काय, या प्रश्नांची सरळ उत्तरे मुलाने स्वतःच्या शब्दांत द्यावीत. पाठ केलेले भाषण लगेच ओळखू येते.

येथे व्यापारी घरातील मुलांकडे एक मोठे बळ असते, आणि नेमके तेच ती झाकून ठेवतात. ‘वडिलांचे धान्याचे दुकान आहे’ असे म्हणण्यात त्यांना संकोच वाटतो. वास्तविक पन्नास वर्षांची पेढी, तिचे नाव, तिच्यात आपली ठरलेली जागा आणि शिकून आल्यावर तिच्यात करावयाचा बदल हे मायदेशाशी असलेल्या नात्याचे उत्तम उदाहरण आहे. अर्थात मुलाचा विचार खरोखर तसा असला पाहिजे. घरात यावर कधी बोलणेच झाले नसेल, तर काचेपलीकडील अधिकाऱ्यापुढे ते अचानक सुचणार नाही.

२१४-बी खाली नकार मिळाला, तर त्यावर अपील नाही. मात्र परिस्थिती बदलल्यावर नवे शुल्क भरून पुन्हा अर्ज करता येतो. २२१-जी या कलमाखाली कागद थांबला, तर तो अंतिम नकार नसून अधिक तपासणी चालू असते. समाजात मात्र या दोन्हींचा डाग लावला जातो. ‘व्हिसा नाकारला’ ही बातमी विवाहाच्या परिचयपत्रापर्यंत पोहोचते, आणि एकवीस वर्षांचे मूल महिनोन्‌महिने लोकांच्या नजरा चुकवत फिरते. तीन मिनिटांत एका अनोळखी अधिकाऱ्याने घेतलेला निर्णय हा मुलाच्या योग्यतेचा निवाडा नाही, हे आईवडिलांनी प्रथम मानले पाहिजे.

तेथे गेल्यावर

दर्जा टिकवण्याचे नियम थोडे, पण कडक आहेत. पदवीच्या विद्यार्थ्याने प्रत्येक सत्रात साधारणतः किमान १२ श्रेयांक घेतलेच पाहिजेत. प्रकृती बिघडली किंवा विषय झेपेनासा झाला, तर आधी विद्यापीठातील परदेशी विद्यार्थ्यांच्या अधिकाऱ्याकडे जावे आणि मगच विषय कमी करावा. पत्ता बदलल्यास १० दिवसांत कळवावे. सत्र चालू असताना विद्यापीठाच्या आवारातील काम आठवड्याला २० तासांपर्यंतच करता येते.

येथे आपल्या घरांनी विशेष सावध राहावे. न्यू जर्सीत किंवा टेक्सासमध्ये दूरच्या काकांचे मोटेल असते, मामांचे किराणा दुकान असते. ‘शनिवार-रविवार जरा गल्ल्यावर बस’ असे ते मायेने म्हणतात, आणि लहानपणापासून दुकानात वाढलेल्या मुलाला त्यात गैर वाटत नाही. परंतु आवाराबाहेर परवानगीशिवाय केलेले काम नियमभंग ठरते. ‘पगार घेतला नाही’ किंवा ‘घरचेच दुकान आहे’ हा बचाव तेथे टिकेलच असे नाही. काकांचे आदरातिथ्य स्वीकारावे, गल्ला स्वीकारू नये.

दर्जा सांभाळण्याच्या नावाखाली फसवणूकही झाली आहे. कॅलिफोर्नियातील ट्राय-व्हॅली विद्यापीठावर २०११ मध्ये छापा पडला, तेव्हा शेकडो भारतीय विद्यार्थी अडचणीत आले आणि काहींच्या पायांत नजर ठेवणारी विद्युत कडी अडकवली गेली. २०१९ मध्ये मिशिगनमधील ‘फार्मिंग्टन विद्यापीठ’ हे तर तेथील सरकारनेच रचलेले सापळ्याचे विद्यापीठ निघाले. वर्ग नाहीत, शिक्षक नाहीत, केवळ फी भरून नोकरीची परवानगी! त्या प्रकरणात शंभराहून अधिक भारतीय विद्यार्थ्यांना अटक झाली. वर्गात न बसता पदवी आणि काम देणारी संस्था स्वस्त नसते, हा त्याचा धडा.

मुदतवाढ आणि नूतनीकरण

अभ्यास ठरलेल्या वेळेत पूर्ण होणार नसेल, तर आय-२० ची मुदत संपण्यापूर्वी ती वाढवून घ्यावी लागते. त्यासाठी शैक्षणिक किंवा वैद्यकीय कारण आणि वाढीव काळाच्या खर्चाची सोय, दोन्ही दाखवावी लागतात. हे काम विद्यापीठातच होते. मुदत उलटून गेल्यावर मात्र दर्जा पुन्हा मिळवण्याचा स्वतंत्र, खर्चिक आणि अनिश्चित अर्ज करावा लागतो.

व्हिसाचे नूतनीकरण वेगळे. ते अमेरिकेत राहून होत नाही. देशाबाहेर येऊनच करावे लागते. भारतीय विद्यार्थ्यांना एफ-१ व्हिसा साधारणतः पाच वर्षांपर्यंतचा मिळतो, म्हणून दोन वर्षांच्या पदव्युत्तर अभ्यासात हा प्रश्न क्वचित येतो. चार वर्षांची पदवी घेऊन पुढे प्रशिक्षणाचे काम करणाऱ्यांना आणि पीएच.डी. करणाऱ्यांना तो हमखास येतो. पूर्वी अनेकांना मुलाखतीविना केवळ कागद देऊन नूतनीकरण मिळत असे. २ सप्टेंबर २०२५ पासून बहुतेक विद्यार्थ्यांना पुन्हा प्रत्यक्ष मुलाखत द्यावी लागते. शिवाय अर्ज मायदेशात किंवा रहिवासाच्या देशातच करावा, अशी सूचना त्याच महिन्यात आली. त्यामुळे सुट्टीत तिसऱ्या देशात जाऊन शिक्का घेण्याची सोय जवळजवळ संपली.

याचा संबंध घरातील लग्नकार्याशी येतो. डिसेंबरात बहिणीचे लग्न, मुलगा तीन आठवड्यांसाठी घरी, आणि व्हिसा ऑक्टोबरात संपलेला. मुलाखतीची वेळ मिळाली नाही, किंवा कागद तपासणीत अडकले, तर जानेवारीचे सत्र हातचे जाते. म्हणून लग्नाची तारीख धरण्यापूर्वी मुलाच्या व्हिसाची तारीख पाहावी. व्हिसा शिल्लक असला, तरी निघण्याआधी आय-२० वर प्रवासाची सही आहे ना, हे तपासावे. ती शिक्षण चालू असताना एक वर्ष आणि पदवीनंतरच्या प्रशिक्षणकाळात सहा महिनेच चालते. जुन्या पासपोर्टवर चालू व्हिसा असेल, तर दोन्ही पासपोर्ट बरोबर ठेवावेत.

पदवीनंतर विषयाशी निगडित कामासाठी १२ महिन्यांचे ‘ओपीटी’ मिळते. विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी आणि गणित या शाखांना आणखी २४ महिने मिळतात. वाणिज्य शाखेच्या मुलांनी येथे लक्ष द्यावे : वित्त किंवा व्यवसाय-विश्लेषण यांचे काही अभ्यासक्रम या शाखांत धरले जातात, काही नाहीत, आणि ते आय-२० वरील विषयाच्या सांकेतिक क्रमांकावरून ठरते. एकाच नावाच्या दोन अभ्यासक्रमांत दोन वर्षांच्या कामाचा फरक पडू शकतो. म्हणून प्रवेश घेण्यापूर्वीच तो क्रमांक विचारावा. ओपीटीचा अर्ज अभ्यासक्रम संपण्यापूर्वी ९० दिवसांपासून संपल्यानंतर ६० दिवसांपर्यंतच करता येतो, आणि पहिल्या वर्षात एकूण ९० दिवसांहून अधिक बेकारी चालत नाही.

२०२५ च्या एप्रिलमध्ये हजारो परदेशी विद्यार्थ्यांच्या सेव्हिसमधील नोंदी अचानक बंद केल्या गेल्या. न्यायालयांत दावे गेले आणि महिनाअखेरीस त्या पूर्ववत होऊ लागल्या. नियम पाळूनही वादळ येऊ शकते, हे त्यातून दिसले. परंतु अशा वेळी ज्यांचे कागद चोख होते, त्यांना न्यायालयात आणि विद्यापीठात ठाम उभे राहता आले.

म्हणून प्रत्येक घराने एक साधी वही ठेवावी. पासपोर्ट, व्हिसा, आय-२०, प्रवासाची सही आणि कर्जाचा हप्ता यांच्या तारखा तिच्यात लिहाव्यात, आणि एक प्रत मुलाकडे, एक घरी असावी. दर रविवारी फोनवर ‘जेवलास का’ हे विचारून झाल्यावर महिन्यातून एकदा ‘वही पाहिलीस का’ हेही विचारावे. आणि मुलाने कधी अडखळत सांगितले की विषय झेपत नाही, काम मिळत नाही किंवा परत यावेसे वाटते, तर कर्जाचा आकडा तोंडावर फेकू नये. घरी बोलता आले नाही म्हणून लपवलेली अडचणच पुढे नियमभंग होऊन समोर येते. वेळेवर सांगितलेल्या अडचणीवर बहुधा उपाय निघतो.